बिराजदार सरांचं टरबूज

प्रिय रेवा आणि अनय,

परवाच्या व्हिडिओ कॉलवर तुमच्या कुत्र्याने फोनचा पडदा, म्हणजे पर्यायाने माझा गाल, चाटला आणि तुम्ही दोघं हसून लोळलात. मग रेवाने विचारलं, "आजी, तो खरंच तुला बघतो का, की नुसता उजेड बघतो?" मी "विचार करून सांगते" म्हटलं. खरं तर विचार करायची गरज नव्हती; या प्रश्नावर अख्खं आयुष्य घालवलेला माणूस माझ्या ओळखीचा होता, त्याला फोन लावला की झालं. पण त्याच आठवड्यात निलंग्याहून मंगलताईंचा फोन आला, की सर गेले. तेव्हा आता उत्तर मलाच द्यायचं आहे. मी इंग्रजी शिकवलं, मेंदू नाही, म्हणून उत्तर थोडं अपुरं राहील. माणूस मात्र पुरता यावा असा प्रयत्न करते. हे तुमच्या आईकडून मराठीतच वाचून घ्या. इंग्रजीत सर निम्मेच उरतात.

सर म्हणजे डॉ. व्यंकटराव बिराजदार. नांदेडला आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत आणि आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून राहत. निलंगा तालुक्यातल्या शेतकऱ्याघरचे. आधी गुरांचे डॉक्टर झाले, मग बैलांच्या खुरांपेक्षा कुत्र्यांच्या डोक्यात रस वाढला म्हणून शिकवण्याकडे वळले. मंगलताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, हे असं सांगत: "बैलाच्या खुराला दोन पैसे तरी होते, वहिनी. कुत्र्याच्या डोक्यात काय हाय, ते अजून निघायचंय."

सर नेहमी निळा सदरा घालत आणि खिशात पिवळाधमक रुमाल ठेवत. सहा-सात सदरे, सगळे निळे. नवीन आलेल्या प्राध्यापकांना वाटे, की हे कुठल्या पंथाचे आहेत. कारण अगदी साधं होतं. कुत्र्यांना निळा आणि पिवळा रंग नीट दिसतो. लाल, हिरवा वगैरे सगळं मळकट होऊन जातं. आपण कुत्र्यांना दिसावं, एवढ्यासाठी हा माणूस तसे कपडे घाले. आपण माणसांना कसे दिसतो, याचा विचार त्यांनी कधी केला असेल असं मला वाटत नाही. आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात, नवरी लाल शालूत मंडपात येत असताना, सर माझ्या यजमानांच्या कानात म्हणाले, "ह्या मंडपाबाहेरच्या कुत्र्याला ही नवरी चिखलाच्या रंगाची दिसून राहिली बघा." तुमचे आजोबा नेमके त्याच वेळी हसले आणि वधुपिता आमच्याशी महिनाभर तुटक वागले.

दुसरी खोड दिव्यांची. कुठल्याही घरात गेले की सर आधी वर बघत. जुनी ट्यूबलाइट असली तर त्यांचा चेहरा पडे. "मॅडम, हा दिवा तुम्हाला स्थिर दिसतो. तुमच्या दारातल्या कुत्र्याला तो लुकलुकताना दिसतो. त्याचे डोळे आपल्यापेक्षा जलद आहेत. बिचारं सारखं डिस्को बघत बसलंय." माझ्या दारात कुत्रा नव्हता, तरी त्यांनी मला दिवा बदलायला लावला. अनय, जुन्या टीव्हीसमोर कुत्री बसत नसत, याचं कारणही तेच. त्यांना चित्राऐवजी नुसती फडफड दिसे. तुमच्या फोनचा पडदा नव्या तऱ्हेचा आहे, त्यामुळे त्यावर मी तुमच्या कुत्र्याला माणसासारखी दिसत असावी. वास मात्र काचेचाच येणार.

कॉलेजच्या मागच्या बाजूला एक खोली होती. पूर्वी तिथे मोडक्या बाकांचा ढीग असे. सरांनी बाक हलवले आणि एका मेंदूच्या डॉक्टरांनी टाकून दिलेलं जुनं मशीन तिथे आणून बसवलं. माणसाच्या डोक्याला चकत्या चिकटवून मेंदूतल्या विजेच्या लहरी कागदावर उमटवणारं ते मशीन होतं. सरांनी ते कुत्र्यांना लावलं. सुया नाहीत, गुंगीचं औषध नाही. डोक्यावरचे केस रुपयाएवढ्या जागी भादरायचे आणि मलम लावून चकत्या चिकटवायच्या. त्यामुळे आमच्या भागात डोक्यावर चार-पाच टक्कलं असलेली कुत्री हिंडत. लोक म्हणत, "हे सरांच्या कॉलेजात जातंय."

लहरी म्हणजे काय, हे मी एकदा विचारलं. सर म्हणाले, "अहमदपूरच्या एसटी स्टँडवर दुपारी बसलाय कधी? गाडी नसते, तेव्हा सगळे कंडक्टर एका बाकावर बसून एकसुरात गप्पा मारतात. लांबून एकच गुणगुण ऐकू येते. गाडी लागली, की जो तो उठून आपल्या कामाला. गुणगुण बंद. मेंदूचं अगदी तसंच हाय. डोळे मिटून पडलेल्या कुत्र्याच्या मेंदूचा मागचा भाग एकसुरात गुणगुणतो. डोळ्याला बघायला काही मिळालं, की गुणगुण मोडते. कामाला लागला म्हणायचं." मी हे इतक्या वेळा इतरांना सांगितलं आहे, की आता ते माझंच वाटतं.

सरांचा ध्यास एकच होता. वास नाही, आवाज नाही, नुसत्या नजरेने कुत्रा आपल्या माणसाला ओळखतो का, आणि ओळखतो तेव्हा त्याच्या मेंदूत काय होतं. त्यासाठी त्यांनी खोलीत एक मोठी काच बसवली होती. काचेअलीकडे चटईवर कुत्रा पडलेला, काचेपुढे पडदा. पडदा सरकला की पलीकडे कुणीतरी माणूस मुकाट उभं. कधी परकं, कधी घरचं. सर बाजूला मशीनपाशी.

अडचण वायरींची होती. कुत्री वायरी चावत, वायरी ज्यात जोडल्या होत्या त्या मशीनच्या डब्याकडे वळून बघत. यावर सरांनी जो तोडगा काढला तो शेतकऱ्याच्या पोरालाच सुचला असता. पोळ्याला बैलाच्या पाठीवर झूल घालतात, तशी त्यांनी कुत्र्यांना झूल घातली. डोक्यावरच्या वायरी झुलीच्या आतून पाठीवरून मागे नेल्या आणि मागच्या काठाशी बाहेर काढून, एका फळीच्या आड ठेवलेल्या डब्यात सोडल्या. कुत्र्याला ना वायर दिसे ना डबा. झुली मंगलताईंनी शिवल्या होत्या, प्रत्येक कुत्र्याच्या मापाची वेगळी. काठाला झालरसुद्धा होती. "कुत्रं कॉलेजात चाललंय, बरं दिसाय नको?" असं त्यांचं म्हणणं.

आणि मग सरांना लहर सापडली. पडद्यामागे परकं माणूस असलं तर कागदावर विशेष काही नाही. घरचं माणूस दिसलं, की संथ, मोठ्या, एकसारख्या हेलकाव्यांची लहर सुरू होई. एका कुत्र्यात नाही, सगळ्यांत. जितकी माया जास्त तितकी लहर मोठी. सरांनी तिला "ओळखीची लहर" असं नाव दिलं. कुत्र्याने जबडा हलवला की कागदावर भलतंच उमटतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तसे सगळे भाग त्यांनी कसोशीने काढून टाकले होते. कानाची हालचाल, पापणीची हालचाल, सगळं तपासलं होतं. लातूरला प्राणिवैद्यांची मोठी परिषद होणार होती, तिथे त्यांचं भाषण ठरलं. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. सगळ्या नोकरीभर ज्या माणसाला सहकारी "कुत्र्यांचे सर" म्हणत आले, त्याला पहिल्यांदाच मोठ्या व्यासपीठावरून बोलायचं होतं. इंग्रजी तपासायला भाषण माझ्याकडे आलं. मी स्वल्पविराम घातले आणि दोन लांब वाक्यं मोडली. मजकूर मला पटला होता.

त्याच सुमारास माधव आला. माधव सरांचा जुना विद्यार्थी, लातूरला नोकरीला. त्याची आई, रुक्मिणबाई, कंधारजवळच्या गावात एकटी राहून शेती बघे. माधवला वाटे, तिने आता लातूरला येऊन राहावं. तिचं म्हणणं, की कुत्र्याला सोडून येणार नाही, आणि माधवच्या फ्लॅटमध्ये कुत्रा चालत नव्हता. वाद करून दोघं थकली होती. शेवटी माधवने तोड काढली, की सरांच्या मशीनला विचारू. कुत्रा आईला ओळखतो असं निघालं, तर तो पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही निघालं, तर कुत्रा नात्यातल्या एकाच्या मळ्यावर जाईल आणि आई लातूरला. आश्चर्य म्हणजे बाई कबूल झाल्या. त्यांना निकालाची काळजीच नव्हती.

मी त्या दिवशी भाषणाचे कागद द्यायला तिथे गेले होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. बाई सत्तरीच्या, काटक, डोक्यावरचा पदर कधी न ढळणारा. कुत्रा मोठा, राखाडी, शेपूट तोडलेला. त्यांच्या गावात राखणीच्या पिल्लाची शेपूट लहानपणीच छाटतात. त्याने कुत्रं तिखट होतं असा समज आहे. अशा जनावराला बांडं म्हणतात, म्हणून त्याचं नाव बांड्या. मंगलताईंनी त्याच्यासाठी खास मोठी झूल शिवली होती. ती घालून तो एखाद्या जहागीरदारासारखा चटईवर पडला.

पडदा सरकला. पलीकडे आमचा शिपाई. कागदावर काही नाही. पुन्हा पडदा, पुन्हा सरकला, पलीकडे रुक्मिणबाई. कागदावर काही नाही. सरांनी तीनदा, चारदा करून पाहिलं. बांड्या काचेकडे टक लावून बघत होता, पण ओळखीची लहर येईना.

सर बाहेर आले. त्यांना खोटं बोलता येत नसे. ही त्यांची फार मोठी अडचण होती. "ताई," ते म्हणाले, "तुमचा कुत्रा तुम्हाला नजरेनं ओळखत न्हाई."

"व्हय?" बाई म्हणाल्या. "मग सांजच्याला बांधावर बसून कुणाची वाट बघतो त्यो?"

"वासानं ओळखत असंल. आवाजानं ओळखत असंल. नजरेनं न्हाई."

"आमच्या म्हाताऱ्यानं बी मला जलमभर आवाजानंच ओळखलं. तोंडाकडं कवा बघितलंच न्हाई." शिपाई हसला. बाई हसल्या नाहीत. बांड्याच्या गळ्यातली दोरी धरून उठल्या.

माधव म्हणाला, "आई, ठरलं होतं."

"ठरलं व्हतं. म्या कुठं न्हाई म्हणले? पुढल्या आयतवारी ये, गाठोडं बांधून ठिवते." मग दारात थांबून सरांकडे बघत म्हणाल्या, "डॉक्टर, तुमी शिकल्यालं मानूस. तुमचंच खरं असंल." त्यांनी हे इतक्या शांतपणे म्हटलं, की त्यापेक्षा शिवी परवडली असती.

पुढचे दोन दिवस सरांना जेवण गोड लागलं नाही. मंगलताईंनी त्याचा अर्थ भाषणाची धास्ती असा लावला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा ताई अंगणात झुली धुऊन दुरुस्त करायला घेऊन बसल्या होत्या आणि सर उंबऱ्यावर बसून भाषण पाठ करत होते.

"परिषद परिषद," ताई सुई ओवत म्हणाल्या. "इथं प्रत्येक झुलीची मागची झालर फाटली. शिवू शिवू मी बेजार. ह्या एका बांड्याची तेवढी धड आली. शेपूट नसलेलीच कुत्री आणत जावा, माझं काम तरी वाचंल."

सर पाठ करायचे थांबले. मला वाटलं, वाक्य विसरले. त्यांनी खाली येऊन एक एक झूल उचलली, मागचा काठ बघितला, बोटं घालून बघितलं. मग म्हणाले, "मंगल, घरात टरबूज हाय का?"

"टरबूज? भाषणाला?"

"हाय का न्हाई?"

उन्हाळ्याचे दिवस, टरबूज होतंच. सरांनी ते काखेत मारलं, दुसऱ्या काखेत बैठकीतला लोड घेतला, एक झूल खांद्यावर टाकली आणि भर उन्हात निळा सदरा कॉलेजच्या दिशेने चालू लागला. आम्ही दोघी मागून गेलो. मंगलताई सारख्या म्हणत होत्या, "लोड घरचा हाय, वहिनी. लोड कशाला न्यायचा?"

सरांनी चटईवर लोड ठेवला, त्याला झूल घातली. पुढे टरबूज ठेवलं आणि त्याला कुत्र्याच्या डोक्याला लावतात तशा चकत्या चिकटवल्या. वायरी झुलीतून मागे गेल्या. मला सांगितलं, काचेपलीकडे उभ्या राहा. मंगलताईंच्या हातात केरसुणी दिली आणि म्हणाले, "हे शेपूट. मॅडम दिसल्या, की हलवायचं."

"कुणाचं शेपूट?"

"टरबुजाचं."

पडदा सरकला. ताईंनी केरसुणी हलवली आणि ती झुलीच्या काठावर सपसप आपटू लागली. मशीनच्या कागदावर संथ, मोठ्या, एकसारख्या हेलकाव्यांची लहर सुरू झाली. मी आतापर्यंत पाहिलेल्या सगळ्या लहरींपेक्षा ती सुंदर होती.

सरांनी कागद फाडून उजेडात धरला. मग म्हणाले, "मॅडम, टरबुजानं तुम्हाला ओळखलं. लई माया हाय."

घरचं माणूस दिसलं की कुत्री शेपूट हलवतात, रेवा. हे तुला तुमच्या कुत्र्याकडे बघून ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, सगळ्या जगाला ठाऊक आहे. शेपूट हलली, की झुलीचा काठ हले, काठातल्या वायरी हलत, आणि वायर हलली की कागदावर लहर. सरांनी जबडा पाहिला, कान पाहिले, पापणी पाहिली. मागचा भाग झुलीत आणि फळीच्या आड होता. "आम्ही समदे डोक्याकडं बघून राहिलो होतो," ते म्हणाले. ओळखीची लहर म्हणजे शेपूट होती. बांड्याला शेपूट नव्हती. बांड्याचा तेवढाच गुन्हा.

संध्याकाळी आमचे विभागप्रमुख सरांच्या घरी आले. माणूस चांगला, व्यवहारी. म्हणाले, "सर, आठ दिवसांवर परिषद आलीय. भाषण होऊन जाऊ द्या. दुरुस्ती मागाहून सावकाश छापू."

"आणि बांड्याचं काय?" सर म्हणाले. "त्याला आयतवारी घालवून राहिलेत. तो सावकाश थांबंल का?"

टरबूज आम्ही त्या वेळी कापून खाल्लं. मलमाचा भाग मंगलताईंनी जाड काढला.

त्यानंतर सरांनी दोन दिवस बांड्याचाच कागद पुन्हा वाचला. आता त्यांना मोठ्या लहरीची आशा नव्हती, त्यामुळे ते बारीक गोष्टी बघू लागले. आणि गंमत अशी, की शेपटीची खळबळ नसल्यामुळे त्या सगळ्या ढिगात तेवढा एकच कागद स्वच्छ होता. पडदा बंद असताना बांड्याचा मेंदू स्टँडवरच्या कंडक्टरांसारखा गुणगुणत होता. शिपाई दिसला, गुणगुण मोडली. पण लगेच पुन्हा सुरू झाली. बघितलं, ओळखीचं नाही, झालं. रुक्मिणबाई दिसल्या तेव्हाही गुणगुण मोडली, आणि त्या काचेपलीकडे उभ्या होत्या तोवर परत आलीच नाही. दर वेळी.

"एकच कुत्रा हाय," सर मला म्हणाले. "एका कुत्र्यावरून काही सिद्ध होत नसतं. पण ह्या कुत्र्याबद्दल तर सांगता येतं का न्हाई?"

रविवारी सकाळच्या एसटीने आम्ही तिघं कंधारला आणि तिथून जीपने गावात गेलो. मंगलताई आल्या, कारण सर एकटे गेले तर रस्त्यातल्या कुत्र्यांशी बोलत बसतील. मी का गेले ते मला अजून नीट सांगता येत नाही; काचेपलीकडे टरबुजासमोर उभी राहिल्यावर आपण त्या प्रकरणात आलोच, असं वाटलं असावं. बाईंच्या अंगणात खरंच गाठोडं बांधलेलं होतं. माधवची गाडी दारात उभी. बांड्याला नेणारा नातेवाईक चहा पीत होता. बांड्या मात्र बाईंच्या पायाला पाठ लावून बसला होता, आपलं काय ठरलंय याची त्याला गंधवार्ता नव्हती.

सरांनी चपला काढल्या, उभ्या उभ्याच बोलले. "ताई, मी चूक वाचलं. बांड्या तुम्हाला नजरेनं ओळखतो." आणि त्यांनी अंगणात कागदाची पट्टी उलगडली. ही गुणगुण, हा शिपाई, ह्या तुम्ही.

माधव म्हणाला, "सर, म्हणजे मशीन खोटं बोललं?"

"मशीन बराबर होतं. मी शेपूट वाचली आणि मेंदू समजलो."

"आता लातूरला तुमचं भाषण आहे. तिथं काय सांगणार?"

"हेच."

माधवने गाडीची किल्ली खिशात टाकली. सरांनी सगळ्या नोकरीत कशाची वाट पाहिली होती, ते त्याला ठाऊक होतं. विद्यार्थीच तो.

रुक्मिणबाईंनी पट्टी हातात घेतली, उलटी धरली, सुलटी धरली. "हे मला कामून दाखवताव, डॉक्टर? मला ठावंच हाय. ह्याला दाखवा." आणि लेकाकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "पर एक सांगा. म्या व्हते तवर त्याची गुणगुण बंद व्हती?"

"हाव. पूर्ण बंद."

"म्हंजी माझ्याकडंच बघत व्हता."

"तुमच्याकडंच."

बाईंनी पदराने नाक पुसलं आणि मंगलताईंना म्हणाल्या, "ह्या बाबाला जेवाय घाला जावा घरी, पार वाळलंय. न्हाईतर थांबा, मीच घालते." नातेवाईक चहा संपवून एकटाच परत गेला. गाठोड्यातून पहिल्यांदा निघालं ते पोळपाट-लाटणं. माधव ठरल्याला जागला. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. दर पंधरा दिवसांनी तोच गावाला जाऊ लागला.

लातूरच्या परिषदेला मी गेले होते. तिथे माझी बहीण राहते, हे निमित्त. सभागृह भरलेलं. सर निळ्या सदऱ्यात उभे राहिले आणि त्यांनी पडद्यावर चार आलेख शेजारी शेजारी लावले. म्हणाले, "ह्यातला सर्वांत प्रेमळ कुत्रा कोणता, कुणी सांगंल का?" पहिल्या रांगेतले एक मोठे विद्वान उठले आणि चौथ्या आलेखाकडे हात करून म्हणाले, की इतका स्पष्ट प्रतिसाद त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

"ते टरबूज हाय, साहेब," सर म्हणाले.

सभागृह हसायला लागलं आणि बराच वेळ थांबेना. सरही हसत होते. मग त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं. झूल, झालर, केरसुणी. शेवटी बांड्याची गुणगुण सांगितली आणि हा एकच कुत्रा आहे, हे दोनदा सांगितलं. मी तपासलेल्या इंग्रजी भाषणातलं एकही वाक्य त्यात नव्हतं. ते मराठीतच बोलले आणि माझे सगळे स्वल्पविराम वाया गेले. टाळ्या झाल्या, पण परिषदेतल्या उत्तम भाषणाचं बक्षीस दुसऱ्याला मिळालं. पुढे कुठल्या पुस्तकात सरांचं नाव आलं, असंही नाही. जेवणाच्या वेळी तेच विद्वान ताट घेऊन सरांच्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "मी घरी जाऊन माझ्याही वायरी बघतो." सरांनी त्यांना झूल कशी शिवू नये, ते सांगितलं.

निवृत्तीनंतर सर आणि मंगलताई निलंग्याच्या गावी जायला निघाले. जाण्याच्या आदल्या दिवशी मी कॉलेजात त्यांना शोधत मागच्या खोलीत गेले. नव्या मुली प्रयोग चालवत होत्या. कुत्र्याच्या अंगावर झूल नव्हती. वायरी वरून दोरीने टांगल्या होत्या. मशीनपाशी सर नव्हते. ते कुत्र्याच्या मागे, एका बुटक्या स्टुलावर गुडघे वर करून बसले होते. मशीनकडे त्यांची पाठ होती. पडदा सरकला. मी "सर" म्हणून हाक मारली, तर त्यांनी मागे न बघता हात वर केला.

"थांबा मॅडम," ते म्हणाले. "हलली."

आणि एका मुलीने तेवढा भाग कागदावर खुणेने बाद केला. मी दारातच थांबले, मग त्यांचं काम चालू आहे हे बघून निघून आले. निरोप घरी जाऊन मंगलताईंचा घेतला.

मंगलताईंनी फोनवर सांगितलं, की शेवटपर्यंत सर निळ्या सदऱ्यातच होते. बांड्या त्यांच्या आधी गेला, म्हातारा होऊन, बाईंच्या अंगणात. रुक्मिणबाई अजून गावातच आहेत.

कॉलेजात आता नवं मशीन आलं आहे, जुनं मोडीत गेलं. काच बदलली. पण अजूनही त्या खोलीत कुत्रा तपासायचा असला, की एक माणूस मशीनकडे न बघता मागे बुटक्या स्टुलावर बसतो आणि फक्त शेपटीकडे बघतो.

तुमची,
आजी